वखारींचे दप्तर आणि ‘इतर हक्क’

लंडनचा टॉवर ब्रिज ओलांडून टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उतरले की डाव्या हाताला शॅड टेम्स नावाची अरुंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच, जुन्या वखारी आहेत आणि एका वखारीतून समोरच्या वखारीत जाण्यासाठी डोक्यावरून गेलेले लोखंडी पूल आहेत. एके काळी या पुलांवरून हमाल पिंपे आणि पोती ढकलत नेत. आज त्याच पुलांवर फुलझाडांच्या कुंड्या दिसतात. इमारतींच्या पाट्या वाचत चालले तर घरच्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखे वाटते. सिनॅमन व्हार्फ, कार्डमम बिल्डिंग, क्लोव्ह बिल्डिंग, सॅफ्रन व्हार्फ, कोरिएंडर कोर्ट. दालचिनी, वेलची, लवंग, केशर आणि धणे! फरक इतकाच की या डब्यातले एक घर घ्यायचे तर कोकणातल्या माणसाला आपले अख्खे गाव विकावे लागेल.

आमचा भाचा या गल्लीत भाड्याने राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे दीड महिना राहिलो होतो. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, “मामू, तुम्ही आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलात. आता मी राहतो त्या वखारीचा इतिहास मला काढून द्या. तुमचे परदादा जहाजावर होते ना? ते इथेच उतरत असतील.”

आमचे परदादा पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीवर आधी टंडेल आणि मग सारंग होते. वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या आमच्या घरात त्यांची एक पत्र्याची नळी आहे आणि तिच्यात त्यांचे नोकरीचे पुस्तक. जुने जहाजी त्या पुस्तकालाच ‘नली’ म्हणत. प्रत्येक सफरीच्या शेवटी तिच्यात शिक्का बसे आणि वर्तणुकीपुढे ‘व्हेरी गुड’ असा शेरा पडे. लहानपणी आम्हाला त्या नळीशी खेळायची बंदी होती. परदादांविषयी याहून फारसे काही आम्हाला ठाऊक नव्हते. भाच्याच्या प्रश्नाने ती नळी आठवली आणि आम्ही ‘बघतो’ म्हणालो. हा लेख त्या बघण्याचा आहे. शोध सुरू झाला लंडनच्या मालमत्तेच्या दप्तरात आणि येऊन थांबला आमच्याच गावच्या सात-बारावर. तो तिथे का थांबला, हे वाचकांना सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

इंग्लंडमध्ये घराचा मालक कोण, हे पाहणे आज फार सोपे आहे. तिथे लँड रजिस्ट्री नावाचे सरकारी खाते आहे. काही पौंड शुल्क भरले की कोणत्याही नोंदलेल्या मिळकतीचा उतारा घरबसल्या संगणकावर मिळतो. या उताऱ्याचे तीन भाग असतात. पहिल्यात मिळकतीचे वर्णन, दुसऱ्यात मालकाचे नाव आणि तिसऱ्यात मिळकतीवरचे बोजे, म्हणजे गहाण, अटी, बंधने. सोबत नकाशा असतो. फ्लॅटची मालकी तिथे बहुधा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची असते. ९९ वर्षे, १२५ वर्षे, कुठे ९९९ वर्षे. जमीन एकाची, इमारतीतली घरे दुसऱ्यांची. १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमतीही सर्वांना विनामूल्य पाहता येतात.

परंतु हा उघडेपणा जुना नाही. लँड रजिस्ट्री स्थापन झाली १८६२ मध्ये. तेव्हा नोंदणी ऐच्छिक होती. लंडनमध्ये ती सक्तीची होऊ लागली १८९९ पासून आणि सामान्य माणसाला मालकाच्या परवानगीशिवाय उतारा पाहण्याची मुभा मिळाली ती थेट ३ डिसेंबर १९९० रोजी. म्हणजे ज्या देशाने आमच्या कोकणात शेताचा बांधन् बांध मोजून दप्तरी लावला, त्या देशातल्या मालकांची नावे सव्वाशेहून अधिक वर्षे पडद्याआड होती. परदानशीन फक्त आमच्याच बायका होत्या असे नव्हे!

उताऱ्याने आम्हाला आजचा मालक सांगितला, जुना सांगितला नाही. जुन्यासाठी दुसरी दप्तरे धुंडाळावी लागतात. इथे पहिलीच अडचण नदीने उभी केली. टेम्सच्या उत्तरेकडचा भाग पूर्वी मिडलसेक्स परगण्यात मोडे. त्या परगण्यात १७०९ पासून १९३८ पर्यंत खरेदीखते आणि भाडेपट्टे नोंदवण्याचे कार्यालय होते. त्यामुळे उत्तरेच्या वॉपिंगमधल्या वखारीचे खत शोधायचे तर निदान सूची तरी मिळते. शॅड टेम्स दक्षिणेला, म्हणजे जुन्या सरे परगण्यात. तिथे असे कार्यालय कधी नव्हतेच. नदीची रुंदी ती किती, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती समुद्राएवढी पडते.

मग उरतात कराची पुस्तके, विम्याचे नकाशे आणि १९१० ची मोजणी. विम्याच्या नकाशांमागे एक मोठी आग आहे. २२ जून १८६१ रोजी शॅड टेम्सपासून जवळच, टूली स्ट्रीटवरच्या कॉटन्स व्हार्फमध्ये आग लागली. ती पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. वखारींमधले लोखंडी दरवाजे उघडे राहिल्याने आग पसरत गेली. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत अंगावर कोसळून मरण पावले. विमा कंपन्यांचे कंबरडे मोडले. पुढे १८८६ पासून चार्ल्स गोड यांच्या कंपनीने विमेकऱ्यांसाठी लंडनच्या व्यापारी भागांचे बारीक नकाशे काढले. विटेची भिंत तांबूस रंगात, लाकडी बांधकाम पिवळ्या रंगात. मजले किती, लोखंडी दार कुठे, हे सारे त्यात दिसते. ज्याला पैसे बुडण्याची भीती असते तो किती बारकाईने बघतो, हे त्या नकाशांवरून कळते.

१९१० ची मोजणी लॉईड जॉर्ज यांनी आणलेल्या जमीन-करासाठी झाली. तिच्या हजारो चोपड्या लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आधी नकाशावर आपल्या जागेचा क्रमांक शोधायचा, मग त्या क्रमांकाची चोपडी मागवायची. आत फक्त पेन्सिल चालते, पेन बाहेर ठेवावे लागते. चोपडीत मालक, भोगवटादार, क्षेत्र, बांधकाम, किंमत असे रकाने आहेत. इंग्रज कारकुनाचे बारीक, तिरपे अक्षर वाचताना आम्हाला आमच्या तलाठी आप्पांची आठवण झाली. दप्तराची भाषा कुठलीही असो, रकाने मात्र एकाच जातीचे असतात.

या साऱ्या कागदांतून जो इतिहास उभा राहिला तो थोडक्यात असा. शॅड टेम्सवरचा सर्वांत मोठा वखारसमूह म्हणजे बटलर्स व्हार्फ. तो १८७१ ते १८७३ या काळात बांधला गेला. चहा, मसाले, धान्य, साखर असा माल इथे साठवला जाई. या परिसराला ‘लंडनचे कोठीघर’ म्हणत. वखारवाला मालाचा मालक नसे. तो माल सांभाळे आणि मालाची पावती देई. ती पावती हातोहात विकली जाई, तिच्यावर कर्ज मिळे. मिरीची पोती जागची हलत नसत, पण त्यांचा मालक दिवसातून दोनदा बदलू शके.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजे मोठी होत गेली, पुढे कंटेनर आले आणि लंडन शहरातल्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. ईस्ट इंडिया डॉक्स १९६७ मध्ये, सेंट कॅथरिन डॉक्स १९६८ मध्ये आणि बटलर्स व्हार्फ १९७२ मध्ये. रिकाम्या वखारींत स्वस्त जागेच्या शोधात चित्रकार, शिल्पकार राहायला आले. १९८१ मध्ये सरकारने डॉकलँड्सच्या विकासासाठी महामंडळ नेमले. टेरेन्स कॉनरन या प्रसिद्ध डिझायनरने आपल्या भागीदारांसह बटलर्स व्हार्फ विकसित करायला घेतले. कलाकार गेले, सदनिका आल्या. केळ्यांच्या एका जुन्या वखारीत १९८९ मध्ये डिझाईन म्युझियम उघडले. ते २०१६ मध्ये केन्सिंग्टनला हलले. मधल्या काळात, १९९० मध्ये, कॉनरन यांची ही विकास कंपनी कर्जाखाली बुडाली, पण वखारींचे भाव पुढे चढतच गेले.

पाट्यांवरच्या मसाल्यांच्या नावांबद्दल मात्र सावध राहायला हवे. त्यांतली कित्येक नावे माल येत होता त्या काळातली नाहीत. ती १९८० नंतर, घरे विकायला काढताना ठेवलेली आहेत. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “म्हणजे मामू, माझ्या दारावरचा मसालासुद्धा बिल्डरचा?” आम्ही म्हणालो, “मसाला खराच होता बेटा. नाव तेवढे नंतर पडले.”

आता परदादांचा प्रश्न. इतकी दप्तरे चाळली, पण मालक, पट्टेदार, सावकार, विमेदार यांच्याखेरीज एकही नाव सापडले नाही. ज्यांनी हा माल समुद्रापार आणला त्यांचे नाव तर सोडाच, उल्लेखसुद्धा नाही. याचे एक कारण सरळ आहे. मालमत्तेचे दप्तर मालमत्तेविषयी बोलते. पण दुसरे कारण आम्हाला तिथे गेल्यावरच समजले. परदादांचे जहाज शॅड टेम्सला लागतच नसणार! पी. अँड ओ.च्या मोठ्या आगबोटी नदीच्या खालच्या अंगाला, १८८० मध्ये उघडलेल्या रॉयल आल्बर्ट डॉकमध्ये किंवा १८८६ च्या टिल्बरी डॉकमध्ये थांबत. तिथून माल बार्जमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पडावांसारख्या होड्यांत उतरवून नदीकाठच्या खाजगी वखारींत नेला जाई. लंडनच्या गोद्या ज्या कायद्यांनी बांधल्या गेल्या त्यांतच एक कलम होते की बार्जना गोदीत येण्या-जाण्यास शुल्क पडणार नाही. या एका कलमामुळे गोदीवाल्यांचा धंदा नदीकाठच्या वखारवाल्यांनी पळवला. बटलर्स व्हार्फसारख्या वखारींची भरभराट त्यातूनच झाली. म्हणजे मिरी शॅड टेम्सला पोचली, ती आणणारा मात्र कित्येक मैल खालीच राहिला. भाचा जिथे राहतो ती जमीन परदादांनी बहुधा पाहिलीही नसेल.

मग आम्ही मालमत्तेचा नाद सोडून माणसांच्या यादीकडे वळलो. ब्रिटिश जहाजांवर प्रत्येक सफरीला खलाशांचे करारपत्र होई. नाव, वय, जन्मठिकाण, हुद्दा, पगार, आधीचे जहाज. या याद्यांची वाटणी मोठी चमत्कारिक आहे. १८६१ नंतरच्या याद्यांपैकी सुमारे एक दशांश क्यूला आहेत. ज्या वर्षाच्या शेवटी ५ हा आकडा आहे त्या वर्षांच्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि उरलेल्यांचा फार मोठा भाग अटलांटिकपार कॅनडातील न्यूफाउंडलंडला आहे. जागा पुरेना म्हणून याद्या अशा वाटल्या गेल्या. १९१५ च्या याद्या संगणकावर शोधता येतात.

हिंदी खलाशांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. मूळ शब्द आपल्या ओळखीचा फारसी ‘लश्कर’. त्यांचा करार युरोपीय खलाशांपेक्षा वेगळा असे आणि सहसा हिंदुस्थानच्या बंदरात सुरू होऊन तिथेच संपे. या वेगळेपणाची मुळे जुनी आहेत. १८२३ च्या कायद्याने लास्करांना ब्रिटिश खलाशी न मानता परत हिंदुस्थानात पाठवण्याची सक्ती केली होती. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाई-पाचवा हिस्सा. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर होते. पी. अँड ओ.च्या डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे, भट्टीखान्यात पंजाबी-पठाण, जेवणघरात गोव्याचे लोक, अशी कामाची वाटणी असे. सारंग आपल्याच गावातून, आपल्याच नात्यागोत्यातून माणसे भरी. म्हणून एका जहाजाच्या पोटात कधीकधी अर्धे गाव असे. आपल्या समाजात सारंग, तांडेल, नाखवा, नाखुदा ही आडनावे आहेत, ती उगाच नव्हेत.

झोपायच्या जागेबद्दलचा नियम वाचताना आम्ही थबकलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने युरोपीय खलाशाला जहाजावर ७२ घनफूट जागा देणे बंधनकारक होते, लास्कराला ३६ घनफूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. आम्ही वहीत गुणाकार करून पाहिला आणि वही मिटली. ही मापे कसली आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कबरस्तानात आपण सगळेच मातीला जाऊन आलो आहोत.

१९१५ च्या यादीत ‘रत्नागिरी’ असा शोध घेतला. जन्मठिकाण रत्नागिरी, हुद्दा टंडेल, हुद्दा भंडारी, अशा नोंदी पडद्यावर आल्या. इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले, मोडलेले नाव. त्यांत आमचे परदादा नव्हते. नलीतली जहाजे १९२० नंतरची असल्याने ग्रीनिचमध्ये १९२५ च्या पेट्या काढून पाहिल्या. तिथेही नाव मिळाले नाही. मुंबईत सुरू होऊन मुंबईत संपलेला करार लंडनच्या पेटीत नसला तर नवल नव्हे. पण त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले खरे.

परतताना टॉवर हिलच्या बागेत थांबलो. शॅड टेम्सहून पूल ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांवर ही बाग आहे. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या आणि ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांचे तिथे स्मारक आहे. पहिल्या युद्धाचा भाग १९२८ चा, दुसऱ्याचा १९५५ चा. मिळून पस्तीस हजारांहून अधिक नावे कांस्यपटांवर कोरलेली आहेत. बुडाले एकाच पाण्यात, पण हिंदी करारावरच्या खलाशांची जागा इथे नाही. पहिल्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आपल्या मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या युद्धातल्या हजारोंची नावे तिथल्या आणि चितगावच्या स्मारकग्रंथांत आहेत. आपल्यापैकी किती जण ते पाहायला गेले आहेत? आम्ही तरी गेलो नव्हतो. मशीद बंदरला आयुष्यभर सुकामेवा आणि मसाला घ्यायला जात होतो.

गावी आल्यावर आम्ही ती पत्र्याची नळी उघडली. मग मनात आले, लंडनच्या दप्तरात परदादा नाहीत, पण त्यांचा पगार तरी कुठल्या दप्तरात असेलच की! तो पगार लंडनमध्ये खर्च झाला नव्हता, गावात आला होता. त्या पैशावर परदादींनी खाचरे घेतली, चिऱ्याचे घर बांधले, कलमे लावली. परदादा वर्ष-वर्ष समुद्रावर असत. सौदा करणाऱ्या, चिरे मोजून घेणाऱ्या, गडी लावणाऱ्या त्याच होत्या. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. कुळाचे नाव दप्तरात लागणे ही मोठी लढाईच. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. जहाजी मुसलमानाच्या घरी रोख पैसा येई म्हणून त्याला चार गुंठे विकत घेता आले. सगळ्यांचे तसे नशीब नव्हते.

तलाठ्याकडून आम्ही जुने फेरफार काढून घेतले. आता सात-बारा संगणकावर मिळतो, पण जुन्या फेरफारांसाठी दप्तरापाशी बसावेच लागते. सात-बाऱ्याची रचना वाचकांना ठाऊक आहेच. कब्जेदाराच्या नावाशेजारी एक रकाना असतो. कुळ, खंड आणि इतर अधिकार. लोक त्याला ‘इतर हक्क’ म्हणतात. विहिरीत कुणाचा हिस्सा, कुणाची वहिवाट, सोसायटीचे कर्ज, अशा गोष्टी त्यात येतात. आम्हाला नेहमी वाटे, आपला हा कागद लंडनच्या उताऱ्यापेक्षा दिलदार आहे. मालक नसलेल्यांनाही त्याने एक कोपरा दिला आहे. लंडनच्या उताऱ्यात असा रकाना असता तर तिथे खलाशी लिहिता आला असता, हमाल लिहिता आला असता. भाच्याला फोनवर आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगितलेही.

आणि मग फेरफार वाचायला घेतला. परदादांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद. दोन मुलगे, दोघांची नावे. परदादांना एक मुलगीही होती. तिच्या हातची घावने खाल्ल्याचे वालिद सांगत. तिचे नाव नोंदीत कुठेच नाही. पैसे पाठवणारे परदादा कब्जेदार म्हणून आहेत. जमीन उभी करणाऱ्या परदादी कुठेच नाहीत. पुढचा फेरफार दादांच्या मृत्यूनंतरचा. त्यात वालिदांच्या बहिणींची नावे आहेत, पण कब्जेदार म्हणून नव्हे. ‘इतर हक्कात’. काही वर्षांनी त्यांच्याखाली रेघ आणि शेरा, ‘हक्कसोडपत्राने कमी केले’. ज्या रकान्याचा आम्ही अभिमान बाळगत होतो, तो आमच्या घरात बहिणींना बाहेर काढण्याआधीची ओसरी होता.

तिसरा फेरफार आमच्या वालिदांच्या मृत्यूनंतरचा, १९९४ चा. तो वाचायची गरज नव्हती, कारण त्या हक्कसोडपत्रावर लाभार्थी म्हणून आमचीच सही आहे. सोडून देणारी आमची मोठी बहीण, आमची आपा. लंडनच्या त्या भाच्याची आई.

आपाला कुणी धमकावले नव्हते. रजिस्टर ऑफिसात तिला आम्हीच रिक्षाने नेले. वाटेत तिला थंड सरबत पाजले. ‘माहेर तुटायला नको’ असे ती म्हणाली आणि आम्हाला तो तिचा मोठेपणा वाटला. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते. जमातीच्या बैठकीत आम्ही ते अनेकदा बोललो होतो. इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसा दिला, असे भाषणही एकदा शाळेत केले होते. पण वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती आपाच्या मनात कुणी घातली, हे आम्ही स्वतःला कधी विचारले नाही. इंग्रजाच्या स्मारकावर परदादांच्या भाईबंदांची नावे नाहीत म्हणून टॉवर हिलच्या बागेत ज्याचे डोळे भरून आले, त्याच माणसाने आपल्या बहिणीचे नाव स्वतःच्या सहीने कमी करून घेतले होते.

तलाठी आता तरुण मुलगी आहे. तिला विचारले तर ती म्हणाली, “सर, नोंदणीकृत हक्कसोड आहे. कायद्याने विषय संपला. आता द्यायचेच असेल तर तुम्हाला नव्याने बक्षीसपत्र करावे लागेल.” धाकट्या भावाला हे पसंत नाही. त्याचे म्हणणे, आपाची मुले परदेशात आहेत, त्यांना गुंठ्यांची काय गरज? रस्ता रुंद झाल्यापासून आमच्याकडच्या जमिनीला भाव आला आहे, हेही त्याच्या बोलण्यामागे आहे. तो वाईट माणूस नाही. १९९४ मध्ये आम्ही जसे होतो, तसा तो आज आहे.

आम्ही आमच्या हिश्श्यापुरते बक्षीसपत्र केले. आपा आधी रागावली, म्हणाली, “लोक म्हणतील बहिणीने म्हातारपणी मागून घेतले.” मग सही करताना तिने चष्मा मागितला आणि मजकूर सगळा वाचला. १९९४ मध्ये तिने काही वाचले नव्हते, कारण आम्ही तिला वाचायला दिलेच नव्हते. नंतर फेरफाराची नोटीस निघाली. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. धाकट्या भावाने हरकत घेतली नाही. त्याच्या हिश्श्याचे मात्र तो अजून बोलत नाही.

लंडनच्या वखारीचा इतिहास आम्ही भाच्याला लिहून पाठवला. त्यात मालक आहेत, आग आहे, गोद्या आहेत, न सापडलेले परदादा आहेत. शेवटी नव्या सात-बाऱ्याची प्रत जोडली. कब्जेदार सदरी त्याच्या आईचे नाव आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात अशी नली पडलेली असेल. जुने घर पाडताना ती भंगारात देऊ नका. परदेशच्या पेट्यांत जी नावे मिळत नाहीत ती तिच्यात आहेत. ती शिक्षणसंस्थेला, ग्रंथालयाला द्या, निदान तिची छायाप्रत करून ठेवा. मुंबईला गेलात तर मशीद बंदरच्या सेलर्स होमचे स्मारक पाहून या आणि फातिहा पढा. आणि घरी परतल्यावर आपल्या जमिनीचा जुना फेरफार एकदा काढून वाचा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचे नाव होते आणि ते कोणत्या साली कमी झाले, एवढे तरी पाहा.